जोता भरण्याआधी एक पाईप टाका

पवनीच्या जमिनीत काय दडलेले आहे, हे १९६९-७० साली साऱ्या महाराष्ट्राला कळले. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, स्तूप उजेडात आला, शिलालेख सापडले आणि वैनगंगेकाठचे हे गाव दोन हजार वर्षांहून जुने असल्याचे पुरावे हाती लागले. त्या मातीचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण त्याच मातीतून, तिच्या खालच्या खडकातून दिवसरात्र एक वायू वर येत असतो. रेडॉन त्याचे नाव. अनेक देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांमध्ये धूम्रपानाच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आपल्या घरात किती साठतो हे पाहण्याची तसदी आपण घेतलेली नाही. पवनीकरांनो, ती आता घ्यायची आहे.

हा वायू कुठल्या कारखान्यातून येत नाही. खडकात आणि मातीत सगळीकडे थोडेथोडे युरेनियम असते. ते अतिशय संथ गतीने विघटित होत होत रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जुनी माणसे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. कंदील विझला की खाली जायचे नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. रेडॉन असा कंदिलाने कळत नाही. त्याने कोणी गुदमरत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, साधा खोकलाही येत नाही. त्याचे अर्धायुष्य ३.८२ दिवसांचे. तेवढ्या वेळात त्याचे निम्मे अणू फुटतात आणि फुटताना पोलोनियमचे किरणोत्सारी अणू मागे ठेवतात. हे अणू धुळीला आणि धुराला चिकटतात, श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथेच पुन्हा फुटून अल्फा कण सोडतात. अल्फा कण कागदाच्या कपट्यानेही अडतो, पण फुप्फुसाच्या आतल्या नाजूक अस्तराला तेवढाही आडोसा नसतो. पेशीतल्या जनुकांची मोडतोड तिथे होते. रोग दिसायला पुढे कित्येक वर्षे जातात, त्यामुळे घर आणि आजार यांची गाठ कोणाच्या डोक्यातही येत नाही.

मोकळ्या हवेत रेडॉन विरून जातो. जगभरची सरासरी काढली तर बाहेरच्या हवेत दर घनमीटरला सुमारे १० बेकरेल आणि घरात सुमारे ४० बेकरेल एवढा तो असतो. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितले की घरातले प्रमाण १०० बेकरेलच्या आत ठेवण्याचा प्रयत्न प्रत्येक देशाने करावा आणि ते जमलेच नाही तरी ३०० ओलांडू देऊ नये. हे आकडे कागदावर लहान वाटतात. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. प्रमाण १०० असेल तर त्या खोलीत दर सेकंदाला २८०० अणू फुटत असतात, आणि त्याच हवेत आपले लेकरू रात्रभर झोपलेले असते. युरोपातल्या १३ अभ्यासांची एकत्र छाननी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा, की दीर्घकाळच्या प्रमाणात दर १०० बेकरेलची वाढ झाली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो.

आता पवनीकडे पाहू. पुण्या-नाशिकची जमीन काळ्या बेसाल्टची. बेसाल्टमध्ये युरेनियम फारच कमी. आपला भंडारा जिल्हा त्या लाव्हाच्या पठाराच्या पूर्वेला येतो. इथे खाली आहेत ते ग्रॅनाइट, नाइस आणि त्यांच्या जोडीचे अतिप्राचीन खडक, इतके जुने की भूवैज्ञानिक भारतीय भूखंडाच्या या सगळ्या तुकड्याला 'भंडारा क्रेटॉन' या नावानेही ओळखतात. ग्रॅनाइटसारख्या खडकांत युरेनियमचे प्रमाण बेसाल्टच्या कित्येक पट असते. म्हणून पश्चिम महाराष्ट्रातल्या घरांवरून आपल्या घरांचा अंदाज बांधता येत नाही. खडक जुना आहे म्हणजे प्रत्येक घरात धोका आहे, असे मुळीच नव्हे. एकाच आळीतल्या दोन शेजारच्या घरांतही रेडॉनचे प्रमाण वेगवेगळे निघते, कारण ते खडकावर जेवढे अवलंबून असते तेवढेच घराच्या बांधणीवर असते.

आणि आपल्या घरांची बांधणी एका पिढीत पार बदलून गेली. मातीच्या भिंती, वर कवेलू, समोर सपरी, मागे सांदवाडी, असे घर कवेलूंच्या फटींतून आपोआप हवा सोडायचे. त्या घरांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनीतून रेडॉन सिमेंटच्या जमिनीपेक्षा सहज वर येतो. पण तिथे आलेला वायू छतातून निघूनही जायचा. आज गोसेखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठलेली गावे नव्या गावठाणात सिमेंटच्या घरांत वसली आहेत. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरची घरकुले उभी राहिली आहेत. गावात जागा महागली, भिंतीला भिंत लागली, मागची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडते म्हणून ती कायमची बंद झाली. वर स्लॅब, दाराला रबरी पट्टी, खिडकीला सरकती काच. घर पक्के झाले याचा आनंद मलाही आहे. पावसाळ्यात छत गळण्याच्या काळजीत रात्र काढलेल्या माणसालाच पक्क्या घराची किंमत कळते. पण अशा घरात जमिनीतून वायू येण्याच्या वाटा तशाच राहिल्या आणि बाहेर जाण्याच्या वाटा बुजल्या.

त्या वाटा कोणत्या, हे आपल्याच घरात वाकून बघा. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे बारीक भेग सापडेल. मोरीच्या कोपऱ्यात पाईप जमिनीत उतरतो, त्याच्याभोवती बोटभर पोकळी असते. जोता बसला की फरशीला तडा जातो. कित्येकांनी बोअर घराच्या आतच घेतलेली आहे, स्वयंपाकघराला लागून, आणि केसिंगवर झाकण म्हणून एक पोते टाकलेले असते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम झाली की ती वर चढते, खाली दाब कमी होतो आणि घर जमिनीतली हवा नळीने ओढावी तशी ओढून घेते. म्हणून हिवाळ्याच्या रात्री, दारे-खिडक्या लावून घेतल्यावर, रेडॉन साठतो. पावसाळ्यातही असेच. आजूबाजूची माती पाण्याने गच्च भरली की वायूला वर यायला तिथे जागा उरत नाही आणि घराखालच्या कोरड्या मातीतून तो आत शिरतो. बोअरच्या पाण्यातही तो विरघळून येतो, आंघोळीच्या किंवा उकळत्या पाण्यातून हवेत सुटतो. नदीच्या किंवा तलावाच्या उघड्या पाण्यात तो टिकत नाही. बोअरचे पाणी दार-खिडकी उघडी ठेवून उंचावरून टाक्यात पडू दिले तर त्यातला बराचसा वायू तिथेच उडून जातो.

उन्हाळ्याची गोष्ट आपल्या विदर्भात निराळी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपला कूलर खिडकीबाहेर बसतो. वाळ्याच्या ताट्यांतून बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, आणि खोली दमट होऊ नये म्हणून समोरचे दार आपण उघडे ठेवतो. बाहेरची हवा सतत आत येत असल्यामुळे रेडॉन पातळ होत राहतो. एसी याच्या नेमका उलट वागतो. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, आणि वीज वाया जाऊ नये म्हणून आपण फटी बोळे घालून बंद करतो. एसी लावू नका, असे पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कोणाला सांगू नये. पण झोपण्याआधी अर्धा तास आणि सकाळी उठल्यावर पहिले काम म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघडा. स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारा पंखा असेल तर तो सुरू असताना एखादी खिडकी उघडी हवीच. सगळे बंद ठेवून नुसता पंखा चालवला तर तो जमिनीतलाच वायू वर ओढतो.

बिडीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. भंडारा-गोंदिया हा तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा पट्टा. हजारो घरांची चूल त्यावर पेटते आणि पत्ता तोडणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या बायाबापड्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण धूम्रपान करणाऱ्या माणसाला रेडॉनचा धोका न करणाऱ्याच्या तुलनेत सुमारे २५ पट असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेचेच म्हणणे आहे. दोन्ही धोके एकमेकांना नुसते जोडले जात नाहीत, ते एकमेकांना वाढवतात. तंबाखूच्या पानावर मुळातच पोलोनियम असते. त्यात बंद खोलीत बाप बिडी ओढतो, आई चुलीवर भाकर टाकते, आणि त्या धुराच्या कणांवर बसून रेडॉनची पिल्ले लेकरांच्या छातीत उतरतात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस घरोघरी पोचला, तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पुन्हा पेटली आहे. चूल पेटवावीच लागत असेल तर ती सपरीत न्या. आणि बिडी, सिगारेट घराच्या उंबऱ्याच्या आत कोणीही ओढायची नाही. हा नियम घरातल्या बायकांनी करावा आणि पुरुषांनी मान खाली घालून पाळावा. हा उपाय असा आहे ज्याला एक रुपयाही लागत नाही.

हे सगळे अमेरिकेतले फॅड आहे, असे कोणी म्हणेल. पण जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणीत मजूर छातीच्या रोगाने मरतात, हे सोळाव्या शतकापासून माहीत होते. तो रोग फुप्फुसाचा कर्करोग आहे हे १८७९ साली दोन डॉक्टरांनी दाखवून दिले, आणि त्यामागे रेडॉन आहे हे कळायला आणखी काही दशके गेली. घरांपर्यंत हा विषय पोचला तो १९८४ च्या डिसेंबरमध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा अभियंता कामाला होता. किरणोत्सार शोधणाऱ्या फाटकातून जाताना यंत्र त्याच्यावर पुन्हा पुन्हा वाजू लागले. केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरूच झालेली नव्हती. मग शोध घेत लोक त्याच्या घरी गेले, तर घरातल्या हवेत दर घनमीटरला एक लाख बेकरेलच्या घरात रेडॉन निघाला. बायकामुलांसह त्याला घर सोडावे लागले. फटी बुजवून, जमिनीखालची हवा ओढून बाहेर टाकणारी व्यवस्था बसवल्यावर तेच कुटुंब त्याच घरात परत राहायला गेले. घर पाडावे लागले नाही, हे ध्यानात ठेवा. आज अमेरिकेत घर विकत घेणारी मराठी कुटुंबे व्यवहारापूर्वी रेडॉनची तपासणी करून घेतात. आपल्याच गावचा मुलगा तिकडे घर घेताना जी काळजी घेतो, ती इकडे आईवडिलांच्या घराची का घेऊ नये?

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचे? आपल्याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखल्याची भूमिगत मँगनीज खाण आहे. तिथे उतरणाऱ्या मजुराला पुरेशी मोकळी हवा मिळालीच पाहिजे असा देशाचा कायदा आहे. खाणींसाठीच्या नियमांत वायुवीजनाची सोय बंधनकारक आहे. तो मजूर पाळी संपवून ज्या खोलीत येऊन झोपतो, त्या खोलीतली हवा मात्र कोणीच मोजत नाही.

मोजणे अवघड नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी एक लहानशी प्लॅस्टिकची डबी विकसित केली आहे. तिच्या चकतीला टाचणीएवढी छिद्रे असतात आणि आत लालसर रंगाच्या फिल्मचा एक चौकोनी तुकडा बसवलेला असतो. डबी खोलीत भिंतीपासून हातभर दूर दोरीने टांगायची आणि तीन महिने तिला हात लावायचा नाही. वीज लागत नाही, आवाज नाही. रेडॉनचा अणू फुटला की अल्फा कण फिल्मवर डोळ्याला न दिसणारा ओरखडा उठवतो. नंतर प्रयोगशाळेत ती फिल्म सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात ठेवली की ओरखडे मोठे होतात आणि मोजता येतात. जेवढे ओरखडे, तेवढा त्या घरातला रेडॉन. या केंद्राने देशभरातल्या विद्यापीठांना सोबत घेऊन अशा डब्यांनी हजारो घरांत मोजणी केली आहे. आपल्याला तर सगळे जवळ आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ आहे, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आहे, अणुखनिजांचा शोध घेणाऱ्या केंद्रीय संचालनालयाचेही कार्यालय आहे. पवनीहून दीड-दोन तासांच्या वाटेवर एवढी विद्वत्ता बसलेली असताना तिला गावात बोलावणे हे आपले काम आहे. बोलावल्याशिवाय कोणी येणार नाही.

मोजल्यावर जास्त निघाला तर काय, याचे उत्तरही तयार आहे. भेगा सिमेंटने किंवा सीलंटने बुजवा, पाईपभोवतीच्या पोकळ्या भरा, बोअरच्या केसिंगला घट्ट झाकण बसवा, बंद पडलेली खिडकी उघडा. खिडकी उघडल्याने प्रमाण लगेच उतरते, पण बंद केली की सुमारे बारा तासांत पुन्हा पूर्वपदावर येते. म्हणून जिथे खूपच जास्त आहे तिथे फरशीखाली पाईप उतरवून, छोटा पंखा लावून जमिनीखालची हवा छताच्या वर सोडावी लागते. हा उपाय रेडॉन निम्म्यापासून ९९ टक्क्यांपर्यंत कमी करतो आणि पंख्याला वीज लागते ती जवळपास छताच्या पंख्याइतकीच. राखेच्या विटांविषयीही लोक विचारतात. औष्णिक केंद्रांच्या राखेत रेडियम थोडे जास्त असते हे खरे, पण राखेच्या काचेसारख्या कणांतून रेडॉन सहज सुटत नाही. खरा उगम पायाखालची जमीन हाच आहे, आणि लक्षही तिथेच द्यायला हवे.

ज्यांचे घर अजून बांधायचे आहे त्यांना तर हे सगळे जवळपास फुकटात मिळू शकते. आपल्याकडे मिस्त्री जोता मुरमाने भरतो, पाणी मारतो, धुमस करतो आणि वर पीसीसी, म्हणजे साधे काँक्रीट, ओततो. त्याला एवढेच सांगा: मुरमावर चार इंच स्वच्छ गिट्टी पसर, चुरी नसलेली. त्या गिट्टीत छिद्रे पाडलेला चार इंची पीव्हीसी पाईप आडवा टाक, आणि भिंतीच्या कोपऱ्यातून तो उभा नेऊन स्लॅबच्या वर काढ. गिट्टीवर जाड प्लॅस्टिकची ताडपत्री अंथर, तिच्या कडा भिंतीला चिकटव, आणि मग पीसीसी टाक. जमिनीखालचा वायू त्या पाईपने आपोआप वर निघून जाईल. पुढे कधी मोजणीत प्रमाण जास्त निघाले तर त्याच पाईपला पंखा लावता येईल. एक पाईप, एक ताडपत्री, ट्रॉलीभर गिट्टी. घराच्या एकूण खर्चात हा खर्च शोधूनही सापडणार नाही. पण पीसीसी पडल्यावर हीच गोष्ट करायला फरशी फोडावी लागते.

२०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हा सरकारी आदेशाने गावे स्वच्छ झाली नाहीत. लोक हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरले, म्हणून झाली. तुकडोजी महाराजांनी याच विदर्भात गावाचे आरोग्य गावानेच सांभाळायचे असते हे गावोगाव फिरून सांगितले. ती ताकद आपल्यात आहे. ती आता आपल्या घरांच्या, शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या हवेसाठी लावायची आहे. सुरुवात अंगणवाडीपासून करा, कारण तिथली लेकरे जमिनीवर बसतात, जमिनीवर झोपतात, आणि त्यांच्यापुढे अख्खे आयुष्य आहे. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामीण रुग्णालय, आणि तळघरात थाटलेली दुकाने.

शिक्षकांनो, विज्ञानाच्या तासाला हा विषय घ्या आणि मुलांकडून आपापल्या घरातल्या भेगांचा नकाशा काढून घ्या. मिस्त्री आणि ठेकेदार मंडळींनो, पाईपचे हे काम एकदा एका घरात करून पाहा. पवनी नगर परिषदेच्या सदस्यांनो, बांधकाम परवानगी देताना जोत्यातल्या पाईपची अट घाला आणि विद्यापीठाला मोजणीसाठी रीतसर पत्र पाठवा. तालुक्यातल्या गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत, मग ती २ ऑक्टोबरची असो की २६ जानेवारीची, अंगणवाडीत डबी टांगण्याचा ठराव मांडा, त्याची नोंद इतिवृत्तात झाली की नाही ते डोळ्यांनी बघा आणि प्रत मागून घ्या. आणि ज्याच्या दारात आज मुरमाची ट्रॉली येऊन उभी आहे त्याने उद्या सकाळी मिस्त्री यायच्या आत एक चार इंची पाईप आणून ठेवावा.